न जेवणारे पाहुणे

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. सौभाग्यवती त्याच्या पुढे जाऊन पाहुण्यांना सांगतात, "यांच्या खुर्चीत विंचू आहे. बसले की चावतो." आरोप खरा आहे. सांगलीच्या शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण खुर्चीवर बसून एक तास घेतल्याचं मला आठवत नाही. गणपतीत आरती सुरू असताना माझं लक्ष रेल्वेच्या वेळापत्रकाकडे असतं.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. रेशमाच्या किड्याचा धडा मी दरवर्षी तक्त्यावर काठी ठेवून शिकवत असे. तक्त्यावरचा किडा तुतीचा, पांढरा, गुबगुबीत, आणि मी स्वतः एकही किडा पाहिलेला नव्हता. भंडाऱ्याला माझा मावसभाऊ बँकेत होता. त्याने गप्पांच्या ओघात सांगितलं, "आमच्याकडे किडा जंगलात झाडावर वाढतो आणि त्याच्या कोशाचं लुगडं होतं." झालं! गणपती पाण्यात सोडले, रजेचा अर्ज टाकला आणि निघालो. नागपूरपर्यंतच्या प्रवासाबद्दल काही सांगण्यासारखं नाही. तो मी बहुतेक दारात उभं राहून केला.

आंधळगाव

आंधळगावात शिरताच हातमागाची खटखट ऐकू येते. मावसभावाच्या ओळखीने एका विणकराच्या घरी गेलो. ओसरीवर घरातल्या बाया पाय पसरून बसल्या होत्या. राखेच्या पाण्यात उकडलेले कोसे, म्हणजे रानकिड्याचे कोश, एका गाडग्यात, आणि त्यांतून निघालेले तंतू प्रत्येक बाई आपल्या उघड्या मांडीवर तळहाताने वळत होती. मांडीवर धागा वळतात हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. एका कोशातला तंतू सरळ केला तर दोन-तीन फर्लांग जाईल, आणि तो किड्याने डोकं इकडून तिकडे हलवत, मध्ये न तोडता स्वतःभोवती गुंडाळलेला असतो. ही माहिती मला होती. पण कोसा हातात घेतल्यावर कळलं की तो बोराएवढा नसून चांगला सुपारीपेक्षा मोठा, टणक, आणि त्याला चक्क देठ असतो. किडा आधी फांदीभोवती एक कडं घालतो, कड्याला दांडी लावतो आणि मग दांडीला आपलं घर टांगतो. फळ समजून मी तो हुंगूनही पाहिला, त्यावर बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"पण किडा कुठाय?" मी विचारलं.

"किडा इथं नाही दिसत जी," विणकर म्हणाले. "थो जंगलात राह्यते. ह्या डोमाजीले इचारा."

डोमाजी कोपऱ्यात उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, काळा, काटक, दाढी वाढलेली. जात ढिवराची; तलावात मासोळी धरायची आणि जंगलात कोसा वाढवायचा, असे दोन धंदे. उरलेसुरले कोसे विकायला तो आला होता. त्याच्याजवळ झाकलेली एक टोपली होती आणि ती तो कुणालाही हात लावू देत नव्हता.

"हे इकाचे नाही गुरजी, हे बेणं आहे," तो म्हणाला. "हे जित्ते आहेत. यातून पाखरं निंगतीन, थे अंडे देतीन, अंड्यातून किडे. घरचं बेणं उंदरायनं फस्त केलं. हे आमच्या इवाय-सोयऱ्यानं देल्लं. आता कुठी दुसरं भेटत नाही."

"आणि हे वाया गेलं तर?"

"त यंदा झाडं रिकामे. मंग नागपूरले रोजीले जा लागन, घर बंद करून. माहा भाऊ गेला तसा. थो काई वापस नाही आला."

हे त्याने अगदी सरळ सांगितलं. दुपारच्या गाडीने तो लाखांदूरकडे परत निघणार होता. माझं तिथलं काम खरं तर संपलं होतं, पण खुर्चीतला विंचू चावलाच. "मी येऊ का?" असं विचारून मोकळा झालो. डोमाजीने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मासोळी खाता?" मी नाही म्हणालो. "मंग चाला."

एस.टी.त

भंडाऱ्याला गाडी बदलली. ही गाडी खच्चून भरलेली होती. मला मागे अर्धी जागा मिळाली, डोमाजी पुढे उभा. आता टोपली कुठे ठेवायची? टपावर ठेवावी तर तिथे कुणाचं तरी सुक्या मासोळीचं पोतं. सीटखाली ठेवावी तर लोकांच्या चपला.

हा विटाळाचा मामला तेव्हा मला समजला नाही, नंतर समजला. बेणं घरात टांगलं की कोसा उतरेपर्यंत या लोकांच्या घरात मासोळी शिजत नाही. ज्यांचा जन्म जाळ्यात गेला, ते लोक तलावाच्या काठावर राहून बिनहळदीचं वरण खातात. पुरुष दाढी करत नाही, डोक्याला तेल लावत नाही, वेगळा झोपतो. बाई कोशाच्या झाडांत पाऊल टाकत नाही. आमच्याकडे श्रावण पाळतात, पण तो देवासाठी. हे सगळं एका किड्यासाठी.

डोमाजीने गाडीतली सगळ्यात सोवळी जागा शोधली. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनचं बॉनेट, वर देवीचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. ड्रायव्हरच्या पाया पडून त्याने टोपली तिथे ठेवली. मासोळीपासून बेणं वाचलं, पण बॉनेट चुलीसारखं तापलं होतं. मागे बसून मला ते दिसलं नाही आणि डोमाजीच्या मनात विटाळाखेरीज दुसरं भय नव्हतं.

साकोली ओलांडल्यावर टायर बसला. स्टेपनी होती, जॅक नव्हता. दुसरी गाडी येऊन जॅक मिळेपर्यंत दिवस कलला. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालून स्वतःला आणि कंडक्टरला दमवलं. डोमाजी चाकाशी हात द्यायला गेला होता. गाडी एकदाची दुरुस्त झाली, आम्ही चढलो, ड्रायव्हरने दिवा लावला, आणि पुढच्या सीटवरची एक बाई किंचाळली.

टोपलीचं फडकं, देवीचा फोटो, काचा, सगळीकडे पाखरं बसली होती. तळहाताएवढी, विटकरी रंगाची, आणि प्रत्येक पंखावर एक गोल पारदर्शक खिडकी, अभ्रकाचा तुकडा बसवल्यासारखी. उष्णतेने ती वेळेआधी बाहेर पडली होती आणि पंख वाळवत शांत बसली होती. इंजिन सुरू होताच सगळी एकदम उडाली.

"वटवाघळं!" कुणीतरी ओरडलं. लोकांनी भराभर खिडक्या उघडल्या. डोमाजी "बंद करा! बाप्पा, बंद करा!" म्हणून ओरडत होता, पण त्याचं कोण ऐकतो? पाखरं एकामागून एक काळोखात निघून गेली. मी सीटवर चढून एक धरायला गेलो, तर डोकं टपाला आपटलं.

टोपलीत उरल्या त्या मोठ्या, पिवळ्या, जड पोटाच्या. त्या उडाल्या नाहीत.

"ह्या माद्या," डोमाजी खाली बसून म्हणाला. "नर पयले निंगते आन पयले उडते. आता ह्या बिननराच्या अंडे देतीन, त्यातून काई निंगत नाही."

गाडी चालू लागली. त्याने टोपली आता मांडीवर घेतली होती. मला वाईट वाटत होतं, म्हणून मी नेहमीप्रमाणे शिकवू लागलो. म्हणालो, या पाखराला खायला तोंडच नसतं. कोशातून निघताना डोक्याजवळचं एक पाणी सोडून टोक भिजवतं आणि बाहेर येतं, पण त्यानंतर मरेपर्यंत एक कण खात नाही. किडा असताना खाल्लेलंच पुरवून चार-सहा दिवस जगतं.

"ठाऊक आहे जी," डोमाजी म्हणाला. "थे पोटाले काई खात नाही, मंग आमी मासोळी कशी खावाव?"

बोडीच्या काठावर

डोमाजीचं गाव लाखांदूरच्या अलीकडे, फाट्यापासून आत चालत. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आपली भातखाचरं, मग बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि बोडीच्या पलीकडे लगेच जंगलाचा पट्टा; घर त्याच्याही पुढे. घरी पोचताच डोमाजीने बायकोला झालं ते सांगितलं. सकूबाई किडकिडीत आणि चटपटीत. तिने कपाळावर हात मारला नाही की नवऱ्याला बोलली नाही. आत जाऊन सुताची गुंडी घेऊन आली.

"रानात नर आहेत ना," ती म्हणाली. "पावने बलावू."

त्यांच्याकडे ही जुनी रीत. मादीच्या पंखाच्या मुळाशी सुताचा सैल फास घालून तिला झाडाच्या डहाळीला बांधायचं. ती रात्री पोटाच्या टोकातून गंध सोडते. आपल्या नाकाला तो कळतच नाही. नराला मैल-मैल दुरून कळतो, कारण त्याच्या डोक्यावरच्या पिसासारख्या मिशा तेवढ्याचसाठी असतात. हे मी तक्त्यावर शिकवलं होतं. या एका गोष्टीवर कुणाचं घर उघडं राहणार की बंद होणार हे ठरेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

कंदिलाच्या उजेडात घरामागच्या येनाच्या झाडांना माद्या बांधल्या. या येनाला आमच्याकडे ऐन म्हणतात. मी ओसरीवर पडलो. झोप येईना; उठावं, जाऊन पाहावं, असं सारखं वाटत होतं. फटफटताच धावलो. माद्या जिथल्या तिथे, एकेकट्या. एकही नर आला नव्हता. काहींनी तर अंडी घालायला सुरुवात केली होती, आणि ती अंडी वांझ होती.

तो दिवस मला फार जड गेला. या पाखरांकडे दिवस मोजून चार-सहा, त्यातली एक रात्र फुकट गेलेली. डोमाजी बोडीच्या पाळीवर, बांधावर, बसून जंगलाकडे बघत होता. मी बोडीला तीन फेऱ्या मारल्या. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं पांढरं वरण आणि जवसाची चटणी. सकाळी भात, दुपारी भात, रात्रीही भात. भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं न वाटणाऱ्या माझ्यासारख्याला पोट भरूनही उपाशी वाटत होतं. सकूबाई वाढता वाढता थांबली आणि हुंगू लागली.

"गुरजी, डोक्शाले काय लावता?"

मी सांगितलं, वासाचं तेल. आवळ्याचं.

"आवं बाई! मंग नर काहून येतीन? तुमच्याच तेलाचा वास सुटला अंगणभर."

आवळ्याच्या तेलाने नराची दिशा चुकते असं शास्त्र मला माहीत नव्हतं. पण चुकत नाही असंही मला ठामपणे सांगता येईना. बोडीवर जाऊन चिखल आणि रिठा लावून डोकं तीनदा धुतलं, तेल लागलेला सदराही धुऊन वाळत घातला. दमट हवेत तो कसला वाळतोय! न्हाता न्हाता मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पाण्यावरच्या लाटा जंगलाकडे जात होत्या. वारा पश्चिमेचा होता. बोडी जंगलाच्या पश्चिमेला आणि घर पलीकडे, पूर्वेला, म्हणजे काल रात्री माद्यांचा गंध जंगलात न जाता उलटा गावात गेला होता. गावात कुठले नर? मी ओल्या केसांनी डोमाजीकडे पळालो आणि म्हटलं, "माद्या इकडे, बोडीच्या पाळीवरच्या झाडांना बांधू. म्हणजे वारा गंध घेऊन थेट जंगलात जाईल."

डोमाजीने मूठभर माती वर सोडून पाहिली. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "काल अंधारात मले सुदच नव्हती."

संध्याकाळी एकेक मादी सोडून पाळीवर नेली. त्या माझ्या बाहीवर बसत, पायांनी घट्ट धरत. पाळीवरच्या झाडांभोवती पळसाच्या सालीची दोरी बांधलेली. तिच्या आत सकूबाई यायची नाही. ती बाहेरूनच म्हणाली, "गुरजी, सदरा बदला आता. माद्या बसल्या त्यावर. नाही त नर तुमच्याच मागे लागतीन." मी हसलो. दुसरा सदरा ओलाच होता.

फाट्यावर

दुसऱ्या दिवशी नागपूरहून माझं रिझर्वेशन होतं आणि रजा संपत होती. पहिली गाडी झुंजुमुंजू होताच फाट्यावर येते. नर येतात की नाही हे पाहायला थांबावं असं वाटत होतं, पण नाही आले तर त्या दोघांची तोंडं पाहण्याचं धैर्य मला नव्हतं. निघण्याचं खरं कारण हेच होतं. मी पिशवी उचलली.

पाळीवरून जाताना दोरीबाहेर सकूबाई गुडघे जवळ घेऊन बसलेली दिसली. डोमाजी आत होता. उजाडेपर्यंत त्याला हाक मारायची नाही आणि तिने आत जायचं नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"उजाडू त द्या, गुरजी," ती म्हणाली. "बसा जरासे."

"गाडी चुकेल," मी म्हणालो आणि झपझप चालू लागलो.

फाट्यावर मी एकटाच होतो. पूर्वेला किंचित पांढुरकं झालेलं. इतक्यात तोंडासमोरून काहीतरी फडफडत गेलं. वळलं, पुन्हा आलं, माझ्याभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि थेट बाहीवर बसलं. विटकरी रंग, पंखांवर खिडक्या, डोक्यावर दोन पिसं. नर होता. अंग थरथरत होतं आणि माझ्या बाहीवर तो इकडून तिकडे धावत कुणाला तरी शोधत होता. एक पंख कडेने फाटलेला. कुठून किती लांबून आला असेल! खाणं नाही, पिणं नाही, अंगात असेल तेवढी शिदोरी, आणि तीही खर्चून तो एका मास्तराच्या सदऱ्यापाशी पोचला. मला हसू आलं.

गाडीचे दिवे दिसले. गाडी थांबली. मी एक हात दांडीला लावला, दुसऱ्या बाहीवर तो.

"चढता का नाही जी?" कंडक्टर म्हणाला.

तिथे पाळीवर कदाचित एकही आला नसेल. आणि जो आला, त्याला मी नागपूरला घेऊन चाललो होतो.

"जाऊ द्या," मी म्हणालो.

घंटी वाजली, गाडी गेली, आणि तिच्याबरोबर रिझर्वेशनही. मी पाखराला दोन्ही हातांच्या ओंजळीत अलगद झाकलं. पिशवी फाट्यावरच्या दगडावर ठेवून उलटा निघालो. जन्मभर घाईत चाललो, पण पाय जपून टाकत घाईने चालण्याची वेळ पहिल्यांदाच आली. पंख बोटांवर आपटत होते आणि ते आपटत होते तोवर पाखरू जिवंत आहे म्हणून मला बरं वाटत होतं.

सकूबाई तिथेच बसली होती. माझी ओंजळ पाहून उठली. "काय आणलं जी?"

"पाहुणा," मी म्हणालो.

तिने आत पाहून हळूच हाक मारली. डोमाजी दोरीशी आला. दाढीत दव, डोळे लाल.

"आले," तो म्हणाला. "रानातले आले वं. जोड्या लागल्या."

मी दोरीच्या आत गेलो. उजाडलं होतं. प्रत्येक सुतावर पिवळी आणि विटकरी, दोन-दोन पाखरं एकमेकांना धरून लटकलेली, अगदी निश्चल. टोकाच्या एका डहाळीवर मात्र एक मादी एकटी होती. डोमाजीने माझ्या ओंजळीतून नर घेतला आणि तिच्या शेजारी पानावर ठेवला. तो क्षणभर तसाच बसला. मग पिसं हलली आणि तो चालत तिच्याकडे गेला.

बाहेर आलो तेव्हा सकूबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. मला पाहून तिने डोळे पुसले, जरा सरकून पाळीवर जागा केली आणि म्हणाली, "गाडी त गेली न जी. आता तरी बसा."

मी बसलो. सूर्य झाडांवर येऊन ऊन पाठीला लागेपर्यंत बसून होतो, आणि उठावंसं एकदाही वाटलं नाही.